कोल्हापूर, मामा आणि विमानं पाडणाऱ्यांचे आकडे

शुक्रवार

कोल्हापूरला जायचं डोक्यात घोळत होतं ते वळिवड्यामुळं. महायुद्धातल्या फायटर पायलटांबद्दल वाचायचं वेड मला कॉलेजपासून, कुणी किती विमानं पाडली, कुठल्या विमानातून पाडली हे पाठ असणाऱ्या येड्यांपैकी मी एक, आणि पोलिश पायलटांचं वाचता वाचता कळलं की त्याच पोलंडचे पाचेक हजार निर्वासित १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरच्या शेजारी, या वळिवड्यातच राहून गेलेत. मामा कोल्हापुरातच असतात, एअरफोर्समधून रिटायर झालेत, आर्मामेंट फिटर होते म्हणजे विमानाच्या गन, रॉकेट, बॉम्ब बसवणारा माणूस. म्हणलं चला, वळिवडं पण होईल आणि मामांचं डोकं पण खाता येईल.

रात्रीची महालक्ष्मी पकडली पुण्यातून. झोप यथातथाच, पण मिरज सोडलं की मी दारात येऊन उभा राहतो, ऊस बघत. हातकणंगले, रुकडी, मग पंचगंगेचा पूल आणि पुढं ते छोटंसं वळिवडे स्टेशन, गाडी एवढ्यात पुढं गेली की फोटो पण धड आला नाही. असो, शनिवारी यायचंच होतं.

मिसळीबद्दल लिहीत बसत नाही, सगळ्यांनी लिहून झालंय. फक्त एवढंच की इथं स्लाइस ब्रेड देतात आणि कट संपायच्या आत पोरगा भांडं घेऊन हजर असतो, मागायला लागत नाही.

मग अंबाबाई. शुक्रवार म्हणजे देवीचा वार, त्यामुळं रांग ही अशी! मामींनी आधीच सांगितलेलं, "मी सांगतो तुला, आज नको जाऊस, उद्या पहाटं जा." पण मामा म्हणाले रांगेत गप्पा तरी होतील, आणि झाल्याच. मी सुरुवात केली हार्टमानपासून. एरिख हार्टमान, जर्मन, ३५२ विमानं, जगातला सगळ्यात मोठा आकडा, त्याच्या खालोखाल गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१, मग गुंथर राल २७५. मामांनी चप्पल स्टँडचा टोकन खिशात टाकला आणि म्हणाले, "साडेतीनशे? आणि मोजली कुणी रे?"

आता हा प्रश्न पुढं रविवारपर्यंत माझी पाठ सोडणार नव्हता.

मी आपलं सांगायला लागलो की बाबा त्याची कारणं आहेत. पाच विमानं पाडली की एस, ही पद्धत फ्रेंचांची, पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये अडॉल्फ पेगू नावाच्या पायलटचं पेपरात कौतुक सुरू झालं तिथनं. त्या युद्धात सगळ्यात वर मॅनफ्रेड फॉन रिख्टहोफेन, तो लाल विमानवाला, ८० विमानं, एप्रिल १९१८ मध्ये मेला. फ्रेंचांचा रेने फोंक ७५ वर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा सगळ्यात मोठा एस रिचर्ड बाँग ४० वर थांबला, रशियाचा इव्हान कोझेदूब साठच्या थोडा वर, आणि जर्मन मात्र शेकड्यांत. का, तर अमेरिकन लोक पायलटला ठराविक काळ लढवून घरी पाठवायचे, ट्रेनिंगला लावायचे, नाहीतर वॉर बाँड, म्हणजे युद्धासाठी लोकांकडनं पैसे गोळा करायचे सरकारी रोखे, विकायला गावोगाव फिरवायचे. बाँगला पण ४० नंतर परत आणला, नवीन जेटच्या टेस्टिंगला घातला आणि ६ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे ज्या दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, तो टेस्ट फ्लाइटमध्ये गेला. जर्मनांकडं असलं काही नव्हतं, मरेपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडत राहायचं. हार्टमान चौदाशेच्या वर मिशन उडला. इतकी मिशनं मिळाली, समोर पूर्व आघाडीवर रशियन विमानांची गर्दी, तर आकडा फुगणारच. त्याची पद्धत पण साधी, समोरचं विमान काचेत मावेना इतकं जवळ जायचं आणि मगच बटन दाबायचं.

मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हां, ते ठीक आहे. पण मोजली कुणी?"

दर्शन झालं, भवानी मंडपातून बाहेर पडून खासबागेत गेलो. कुस्त्या नव्हत्या, मैदान रिकामं, दोन-चार पोरं बसलेली. शाहू महाराजांनी युरोपात रोमचं ते जुनं मैदान बघितलं आणि आल्यावर हे बांधून घेतलं, १९१२ ला सुरू झालं. बसायच्या जागा अशा चढत गेल्यात आणि आखाडा मधोमध खोलगट, त्यामुळं कुठंही बसा, माती दिसणारच. आणि तिथं उभं राहून मामांनी जे सांगितलं ते मला पटलं. खासबागेत पैलवान चितपट झाला की वीस-तीस हजार लोकांनी बघितलेलं असतं, हलगीवाल्यापासून थंडाईवाल्यापर्यंत, पंचानं काही म्हणू दे, पाठ टेकली का नाही हे अख्ख्या गावाला माहिती. आणि तुझा तो पायलट, ढगात एकटा, मानेला घाम, तीनशे मैलांच्या स्पीडनं वळतोय, दोन सेकंद गोळी मारली, समोरच्यातनं धूर निघाला आणि तो खाली गेला ढगात. पडला का पळाला? निकाली झाली का बरोबरीत सुटली? खाली येऊन हा सांगणार तेच खरं.

म्हणून तर प्रत्येक देशानं आपापले नियम केले, आणि तिथंच गोंधळ आहे. फ्रेंचांना साक्षीदार लागायचे, पण दोघा-तिघांनी मिळून एक पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर पूर्ण एक. ब्रिटिश पहिल्या महायुद्धात, समोरचं विमान कंट्रोल सुटून गिरक्या घेत खाली गेलेलं दिसलं तरी विजय धरायचे, जमिनीवर आपटलेलं बघायची गरज नाही. जर्मनांना सोपं होतं कारण ते बहुतेक वेळा आपल्याच हद्दीवर लढायचे, पडलेलं विमान सापडायचं, नंबर लिहून घेता यायचा, म्हणूनच रिख्टहोफेनच्या ८० वर फारशी भांडणं होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी तर अपूर्णांक काढले, गॅब्रेस्की या त्यांच्या पायलटच्या नावावर दुसऱ्या महायुद्धातली २८ आणि कोरियातली साडेसहा! अर्धं विमान. मामांना ते लई आवडलं, दिवसभर "अर्धं विमान" म्हणून हसत होते.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, फेसाळ. पुण्याच्या माणसाला पचतं का, पचलं.

शनिवार

सकाळी आधी महावीर उद्यानात. तिथं पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. बागेत चालायला येणाऱ्या काकांना विचारलं तर "ते होय, पोलंडवाल्यांचं" म्हणून लगेच हात केला, म्हणजे लोकांना माहिती आहे. वॉर्सात पण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा सगळ्या मराठी चॅनलवर दाखवलेलं.

तिथनं मामांच्या ऑल्टोतून वळिवड्याला. आज तिथं गांधीनगर आहे, कापडाची होलसेल बाजारपेठ, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले ते पोलिश लोकांनी रिकाम्या केलेल्या छावणीत वसले. म्हणजे एका निर्वासितांच्या जागेवर दुसरे निर्वासित. छावणीचं आता बघण्यासारखं फार उरलेलं नाही, साड्यांची दुकानं, टेम्पो, हातगाड्या, ट्रॅफिक. मामींनी पडद्याचं कापड आणायला सांगितलेलं, ते पण घेतलं, भाव खरंच कमी आहे.

पण उभं राहून विचार केला की अंगावर येतं. १९३९ मध्ये एकीकडनं हिटलर आणि दुसरीकडनं स्टालिन, मधल्या मध्ये पोलंड गिळला. रशियानं लाखो पोलिश लोक सायबेरिया, कझाकस्तानकडं हाकलले. मग जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यांना सोडलं, ते इराणमार्गे बाहेर पडले, पुरुष पोलिश सैन्यात, आणि बायका-पोरं-म्हातारी जिथं जागा मिळेल तिथं. जामनगरजवळ बालाचडीला पोरांची छावणी होती ती तर बऱ्याच जणांना माहिती असते, जामसाहेबांमुळं, म्हणजे जामनगरच्या राजांमुळं, पण त्याहून मोठी वळिवड्याची. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट, सगळं उभं केलं त्यांनी उसाच्या रानात. १९४६ ला बालाचडी बंद झाल्यावर तिथली पोरं पण इकडंच आली.

आणि त्यांचे पायलट तेव्हा इंग्लंडात. ३०३ स्क्वाड्रन, म्हणजे ब्रिटिश हवाईदलातली पोलिश पायलटांची तुकडी, हे नाव विमानवेड्यांना सांगायला नको. आधी पोलंडमध्ये लढले, मग फ्रान्समध्ये लढले, मग इंग्लंडात आले तर इंग्रजांचा विश्वास नाही, यांना इंग्रजी येत नाही, यांना आमच्या पद्धती माहिती नाहीत म्हणून ट्रेनिंगच चाललेलं. ३० ऑगस्ट १९४० ला ट्रेनिंग चालू असतानाच लुडविक पाश्किएविचला जर्मन विमानं दिसली, हा फॉर्मेशन सोडून गेला आणि एक पाडून आला. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन ऑपरेशनल! पुढच्या साधारण सहा आठवड्यांत त्यांच्या नावावर १२६ विमानं लागली, हरिकेन ही ब्रिटिश फायटर विमानं उडवणाऱ्या सगळ्या स्क्वाड्रनांत सगळ्यात जास्त. त्यातला सगळ्यात वरचा माणूस पोलिश नव्हताच, चेक होता, जोसेफ फ्रांतिशेक. तो फॉर्मेशनमध्ये राहायचाच नाही, एकटा जाऊन इंग्लिश खाडीवर परतीच्या वाटेवरची जर्मन विमानं गाठायचा. वरच्यांनी शेवटी कंटाळून त्याला स्क्वाड्रनचा पाहुणा धरला, जा बाबा तुला पाहिजे तिकडं. सप्टेंबरच्या एका महिन्यात १७ विमानं, आणि ८ ऑक्टोबरला लढाई नाही काही नाही, विमान कोसळून गेला.

मी गांधीनगरच्या चौकात चहा पीत हे १२६, १२६ करतोय आणि मामांचं तेच, कुणी मोजली. आता इथं मात्र माझ्याकडं उत्तर होतं आणि ते मामांच्याच बाजूचं होतं. नंतर लोकांनी जर्मनांचे नुकसानीचे कागद काढून एक-एक दिवस ताडून बघितला तर हा आकडा बराच खाली येतो. आणि हे फक्त पोलिश लोकांचं नाही. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं आज १८५ जर्मन विमानं पाडली, पेपरात मोठ्या मथळ्यात छापून आलं, आणि प्रत्यक्षात जर्मनांची त्या दिवशी साठच्या आसपास गेलेली. तिप्पट! कुणी मुद्दाम थापा मारल्या असं नाही. एकाच बाँबरवर तिघं चौघं वेगवेगळ्या बाजूनं मारतात, तो पडताना सगळे बघतात, सगळ्यांना वाटतं माझाच. जर्मनांची फायटर मेसरश्मिट फुल थ्रॉटलवर सूर मारून खाली गेली की एक्झॉस्टमधनं काळा धूर सोडायची, मागच्याला वाटायचं पेटली, आणि ती आरामात फ्रान्सला जाऊन उतरायची. जर्मनांचे आकडे पण असेच फुगलेले, ते काय वेगळे नव्हते.

पण मला विचाराल तर त्यानं ३०३ लहान होत नाही. फुगवटा काढून सुद्धा ती वरच्या यादीतच राहते, आणि ते लोक इतरांपेक्षा फार जवळ जाऊन गोळी मारायचे हे त्यांच्याबरोबर उडालेल्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. स्तानिस्लाव स्काल्स्कीचं बघा, पोलंडचा सगळ्यात मोठा एस, युद्ध संपल्यावर मायदेशी परत गेला तर तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं १९४८ ला हेर म्हणून पकडला, फाशीची शिक्षा सुनावली, ती रद्द होऊन १९५६ ला सुटला. आपल्याच लोकांनी.

येताना उजळाईवाडीवरनं आलो, विमानतळ बाहेरनंच बघितला. राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेला, हे कोल्हापूरकर अभिमानानं सांगतात आणि सांगावंच.

रात्री मामींच्या हातचा तांबडा-पांढरा. मटण, भाकरी, खर्डा, आणि पांढऱ्याचं भांडं मधोमध. आता मामांची बोलायची पाळी. मामा आपल्या हवाईदलाच्या हंटर या फायटर विमानावर होते बरीच वर्षं. हंटरला ३० मिलिमीटरच्या चार एडन गन, आणि चारी गन गोळ्यांसकट एकाच पॅकमध्ये, कॉकपिटच्या खाली. विमान उतरलं की अख्खा पॅक खाली घ्यायचा, भरलेला दुसरा वर चढवायचा, विमान परत जायला तयार. म्हणाले, "बाहेरच्याला वाटतं पायलट तासभर गोळ्या मारत असतोय. अरे चारी गन सोडल्या तर सात-आठ सेकंदांत डबा रिकामा." आणि हे खरंच आहे, महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरचं पण तेच, आठ मशीनगन आणि सगळ्या मिळून पंधराएक सेकंदांची गोळी. त्यामुळं ज्यानं एका उड्डाणात दोन पाडली त्यानं दोनदा चार-चार सेकंद मारलं असणार, बाकी सगळा वेळ वळणं, मान मागं, आणि तेल बघणं.

मग गन कॅमेरा. ट्रिगर दाबला की फिल्म चालू, उतरल्यावर ती फोटोवाल्यांकडं, धुवून आली की सगळे अंधाऱ्या खोलीत बसून बघणार. ट्रेनिंगमध्ये यावरच मार्क. "फिल्मवर लागलेलं दिसतंय. पण ट्रिगर सोडला की फिल्म बंद. पुढं ते विमान पडलं का घरी गेलं, ते फिल्मला काय माहिती?" मामी म्हणाल्या जेवताना तरी विमान खाली ठेवा, रस्सा निवला.

रविवार

पन्हाळा. वाघबिळापासनं चढ सुरू झाला की गार वारा लागतो. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सगळं नेहमीचं, पण सज्जा कोठीवर आम्ही बराच वेळ बसलो. समोर जोतिबाचा डोंगर, खाली सगळं सपाट, आणि ऊन डोळ्यावर. मामा म्हणाले उन्हाकडं तोंड करून बघ, काही दिसतंय का, आणि कपाळावर हात धरून पण काही दिसेना. फायटरवाल्यांचा हाच पहिला धडा असतो पहिल्या महायुद्धापासनं, ज्याच्याकडं उंची आणि ज्याच्या पाठीला सूर्य, तो जिंकला. पाडल्या गेलेल्या बहुतेक पायलटांना मारणारा दिसलेलाच नसतो.

तिथं मला इंद्रलाल रॉय आठवला. कलकत्त्याचा पोरगा, शिकायला इंग्लंडात, १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हवाईदलात भरती. त्याच वर्षी विमान आपटून जबर जखमी, मेडिकलवाल्यांनी अनफिट ठरवला, हा मागं लागून लागून परत उडायला लागला. जून १९१८ मध्ये ४० स्क्वाड्रनला आला आणि ६ ते १९ जुलै, दोन आठवडे पण नाहीत, तेवढ्यात दहा विजय. २२ जुलैला फ्रान्सवर लढताना गेला. १९ वर्षांचा. डीएफसी, म्हणजे ब्रिटिशांचं पायलटांसाठीचं शौर्यपदक, मिळालं ते मेल्यावर. पहिल्या महायुद्धातला एकमेव भारतीय एस. पुढं आपले पहिले भारतीय हवाईदल प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी हे त्याचे भाचे.

मामांनी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, की दहांतली निम्मी ब्रिटिश हिशोबानं "कंट्रोल सुटून गेलेली" आहेत. मामा हसले. म्हणाले लिही की मग तसंच, त्यात पोरगा लहान होतोय होय.

झुणका-भाकर आणि दही खाताना विषय १९६५ वर गेला आणि तिथं मात्र मामा सरळ बसले. पाकिस्तानात एम. एम. आलम या पायलटच्या नावावर ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्याजवळ मिनिटभराच्या आत पाच हंटर सांगितले जातात, आपल्या नोंदी ते मान्य करत नाहीत. मामा हंटरवाले असल्यामुळं यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण माझं म्हणणं असं की मग आपलं पण तपासायचं. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलरना आपल्या छोट्या नॅट फायटरमधून पाडलेल्या पाकिस्तानी सेबर फायटरबद्दल वीरचक्र मिळालं, आणि पाकिस्तान म्हणतं ते सेबर मोडकं-तोडकं का असेना घरी उतरलं. उलट २२ नोव्हेंबर १९७१ ची बोयऱ्याची हवाई लढाई बघा, आपले चार नॅट चालून गेले, त्यांनी सेबर पाडले, दोन पाकिस्तानी पायलट पॅराशूटनं आपल्याच हद्दीत उतरले आणि पकडले गेले. त्यातला एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढं त्यांच्या हवाईदलाचा प्रमुख झाला. पायलटच हातात आल्यावर निदान या दोघांबद्दल वाद घालायला जागा कुठाय? मामा म्हणाले हे खासबागेतलं झालं.

आणि मग देवय्या. याचं मामांनीच काढलं. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या, मिस्टेअर विमान, ७ सप्टेंबर १९६५, आदमपूरहून सरगोध्यावर गेलेल्या हल्ल्यात राखीव म्हणून होते, ऐनवेळी जागा झाली म्हणून सामील झाले. परत आले नाहीत. आपल्याकडं नोंद काय, तर बेपत्ता. कुणी बघितलंच नव्हतं. मिस्टेअर म्हणजे जमिनीवर हल्ला करायचं, सावकाश विमान, आणि समोर आलेलं पाकिस्तानचं स्टारफायटर त्याच्या दुप्पट स्पीडचं. पुढं बऱ्याच वर्षांनी पाकिस्तानच्या हवाईदलावर एका इंग्रज लेखकानं लिहिलं त्यातनं कळलं की त्या दिवशी त्यांचं एक स्टारफायटर एका मिस्टेअरनं पाडलेलं, पायलट अमजद हुसेन उडी मारून वाचला, आणि ते मिस्टेअर पण तिथंच पडलं. मग आपल्या लोकांनी हिशोब लावला की हे मिस्टेअर देवय्यांशिवाय कुणाचं असणार नाही. १९८८ ला महावीरचक्र, म्हणजे २३ वर्षांनी.

एकच विमान. कुठल्या एसच्या यादीत नाव यायचं नाही. पण साक्ष शत्रूच्या बाजूनं आली, आणि माझ्या मते ३५२ पेक्षा या एकाचा कागद जास्त पक्का आहे. हे मी मामांना म्हणलं तर मामा म्हणाले आता कसं शहाण्यासारखं बोललास, आणि लगेच पुढं, "पण त्या हार्टमानची रशियावाल्यांच्या कागदाशी ताडून बघितली का कुणी?" बघितलीत, बरीच भांडणं चालू आहेत, हे मी उतरणीला सांगत होतो तेवढ्यात रंकाळ्याच्या आधी ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मामांचं लक्ष पुढच्या टेम्पोवर गेलं.

रात्रीच्या गाडीनं परत. कुणी जाणार असेल तर गांधीनगरला जायच्या आधी बाजार कुठल्या दिवशी बंद असतो ते विचारून घ्या, महावीर उद्यान सकाळी लवकर करा, आणि खासबागेत कुस्त्या असतील असा दिवस धरूनच जा. मामींचं पडद्याचं कापड दोन मीटर कमी पडलंय, त्यामुळं मामांना परत गांधीनगरला जायला लागणार आहे.